सिग्नल गेला कुठे?

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला बग शोधायची एक खोड असते. प्रोग्राम मधोमध कापायचा, पहिला अर्धा नीट चालतोय का ते बघायचं, चालत असेल तर दुसऱ्या अर्ध्याकडे वळायचं, तोही पुन्हा मधोमध कापायचा. दहाबारा फेऱ्यांत गुन्हेगार ओळ हातात येते. ही पद्धत इतकी अंगवळणी पडलेली असते की ती एका गृहीतकावर उभी आहे हे आपण विसरूनच जातो : कापल्यामुळे तुकड्यांचं वागणं बदलत नाही. ॲनालॉग सर्किटला हे गृहीतक मान्य नाही. अजिबात नाही.

तर झालं असं की माझा मावसभाऊ एम.टेक. करतोय आणि प्रोजेक्ट म्हणून त्याने ईसीजीच्या ॲम्प्लिफायरची चिप घेतली, १८० नॅनोमीटर सीमॉसमध्ये. छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून मिळणारा सिग्नल साधारण १ मिलिव्होल्टचा. चिरंजीवांचा बेत सरळ होता. पहिला टप्पा १०० पट, दुसरा १० पट, एकूण हजार पट. आत १ मिलिव्होल्ट, बाहेर १ व्होल्ट. सिम्युलेटर दाखवत होता ९१ मिलिव्होल्ट.

हजारातले नऊशे नऊ गायब!

त्यानेही तेच केलं जे कोणीही करेल. सर्किट मधोमध तोडलं. पहिला टप्पा एकटा : बरोब्बर १००. दुसरा एकटा : बरोब्बर १०. जोडले की ९१. पुन्हा तोडले, पुन्हा दोघेही ठणठणीत. पेशंट डॉक्टरसमोर बसला की ताप उतरतो, घरी आला की चढतो, त्यातला प्रकार.

वेळ असता तर ही नुसती गंमत राहिली असती. पण एका सिलिकॉन वेफरवर अनेक कॉलेजांची डिझाइन्स एकत्र छापून घेतात, म्हणजे खर्च वाटला जातो, आणि त्या वेफरची तारीख अकरा दिवसांवर आलेली. ती हुकली तर पुढची त्याच्या व्हायवानंतर. लॅबमधल्या एका सीनियरने तोडगाही देऊन ठेवला होता : दोन टप्प्यांचे ग्राफ वेगवेगळे लाव, दोन्ही बरोबर आहेत, एकत्र कोण बघतंय? रात्री साडेअकराला मला फोन. (घराण्यात 'इलेक्ट्रॉनिक्सवाला' मीच. पोटासाठी जावा लिहितो हा तपशील मावशीच्या लेखी गौण आहे.)

"दादा, ग्राफ खोटे नाहीयेत ना पण?"

खोटे नव्हतेच. तीच तर गोम होती.

म्हटलं, तोडू नकोस. जोडलेलंच ठेव आणि मधल्या नोडवर किती येतंय ते वाच. सिम्युलेटरमध्ये ही चैन आहे, कुठेही डोकावलं तरी सर्किटला कळत नाही. प्रत्यक्ष टेबलावर ऑसिलोस्कोपचा साधा १०एक्स प्रोब लावला तरी १० मेगाओहम आणि दहा-पंधरा पिकोफॅरड त्या नोडच्या गळ्यात पडतात, म्हणजे बघणाराही सर्किटचा भाग होतो. असो. मधल्या नोडवर १०० मिलिव्होल्ट हवे होते, निघाले ९.१. म्हणजे दुसरा टप्पा बिचारा इमानदारीत दहापट करत होता, त्याला मिळतच नव्हतं. मग पहिला टप्पा वेगळा काढून त्याच्या आउटपुटवर नुसता २० किलोओहमचा रेझिस्टर टांगायला सांगितला. आला, ९.१! चोर सापडला.

आता हा २० किलोओहम कुठून आला? पहिल्या टप्प्याचा आउटपुट रेझिस्टन्स होता २०० किलोओहम. दुसरा टप्पा म्हणजे उलट्या जोडणीचा ऑप-ॲम्प, २० किलोओहम इनपुटला आणि २०० किलोओहम फीडबॅकला. ऑप-ॲम्पचं इनपुट 'व्हर्च्युअल ग्राउंड' असतं, त्यामुळे मागून बघणाऱ्याला तो २० किलोओहम थेट जमिनीलाच जोडल्यासारखा दिसतो. २०० आणि २० मध्ये व्होल्टेजची वाटणी झाली, दुसऱ्या टप्प्याच्या वाट्याला आला अकरावा हिस्सा. हजार भागिले अकरा, ९१. बारीक पाइपच्या टोकाला नळ बंद असताना प्रेशर उत्तम दिसतं, सोडला की करंगळीएवढी धार. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

आपल्याकडे फंक्शन हे फंक्शन असतं, निकाल कोण वापरतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. इथे मात्र पुढचा गडी मागच्याचा स्वभाव बदलतो. आणि हे नवीन नाही. जॉन मिलरने १९२० साली दाखवलं होतं की व्हॅक्यूम ट्यूबच्या पुढे काय लोड जोडलंय यावर तिचा मागचा, इनपुटचा इम्पीडन्स ठरतो. शंभर वर्षं झाली, 'मिलर इफेक्ट' आम्ही सगळ्यांनी पाच मार्कांसाठी पाठ केला, नि जावाकडे वळलो.

दुरुस्तीत खरी कसरत होती. सरळ उपाय म्हणजे मध्ये सोर्स फॉलोअर, बफर म्हणून. पण एनमॉस घेतला तर त्याचा बल्क जमिनीला, त्यामुळे बॉडी इफेक्ट, आणि गेन १ ऐवजी ०.८ च्या आसपास. वर १.८ व्होल्टच्या सप्लायमधून एक गेट-सोर्स व्होल्टेज खाणार ते वेगळंच. मुलाने दुसरा रस्ता धरला. रेझिस्टरच काढून टाकले आणि १० व १ पिकोफॅरडचे कपॅसिटर घातले. गुणोत्तर तेच, दहा. ईसीजी हा संथ प्राणी. १०० हर्ट्झला १० पिकोफॅरड म्हणजे सुमारे १५९ मेगाओहम, त्यापुढे २०० किलोओहम किस झाड की पत्ती. कपॅसिटर डीसी अडवतो, तर बायससाठी फीडबॅकवर डायोडसारखे जोडलेले पीमॉस. रीड हॅरिसन आणि कॅमेरॉन चार्ल्स यांनी २००३ साली मेंदूचे सिग्नल टिपणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये हीच युक्ती वापरलेली, तो पेपर त्याने स्वतः शोधून काढला. मी त्या वेळी झोपलो होतो.

नवा आकडा : ९८९ मिलिव्होल्ट. उरलेले ११ कुठे गेले हेही त्यानेच सांगितलं. दुसऱ्या ऑप-ॲम्पचा स्वतःचा गेन हजारच आहे, म्हणून दहाऐवजी ९.८९ मिळतात. शिवाय मधला नोड एका बफरमधून वेगळ्या पॅडवर बाहेर काढलाय. कारण चिप हातात आल्यावर आत डोकवायची सोय नसते, आणि थेट प्रोब लावला तर पुन्हा तेच रामायण.

डिझाइन तारखेच्या दोन दिवस आधी गेलं. चिप यायला काही महिने आहेत. थिसिसमध्ये त्याने ९८९ चा जोडलेला ग्राफ लावलाय, आणि शेजारी ९१ चाही. सीनियरने विचारलं, हा कशाला? तर म्हणे, गाइडना पहिला प्रश्न हाच पडणारे.