तिसऱ्या फेरीची सम

दिवाळीत हलका धान कापून झाला की भाऊबीजेपासून पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत मंडया लागतात. गावागणिक दिवस ठरलेला. इटियाडोह धरणाच्या आजूबाजूच्या गावांत, गोठणगाव-प्रतापगडापासून अर्जुनी मोरगावापर्यंत, माहेरवाशिणी त्या दिवसाच्या हिशेबाने येतात, सोयरे येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. दिवसा बाजार भरतो, गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात, एखाद्या गावी दोन शाहिरांची दुय्यम खडी गंमत रंगते. रात्री दंडार, म्हणजे आमचं नाचगाण्याचं लोकनाट्य, नाहीतर नाटक, ते उजाडेपर्यंत. मी आज कथकची विद्यार्थिनी म्हणून ओळखली जाते. पण नाच बघायचा कसा हे मी या मंडईत शिकले, आणि घेतलेलं शिक्षण लोकांपर्यंत न्यायचं कसं, हेही पुढे मला इथेच कळलं.

माझे मामा दंडारीत नाचायचे. त्या वेळी दंडारीत बाईमाणूस उभं राहत नसे. पुरुषच लुगडं नेसून, पायात चाळ बांधून बाईचं पात्र करत. दिवसभर बांधीत धान कापणारा माणूस रात्री सपरीत आरशासमोर बसून कुंकू लावायचा आणि घरात कुणालाच त्याचं नवल वाटत नसे. तालीमही सपरीतच व्हायची. त्यातली एक गोष्ट मला अजून स्वच्छ आठवते. ढोलकीची मोठी थाप पडायच्या आधी मामा गुडघे किंचित सैल सोडत. अगदी किंचित. बघणाऱ्याला वाटे, आता काहीतरी होणार. मग थाप आणि पाऊल एकदमच पडे. मागचे साथीदार त्या सैल गुडघ्यांवरून ओळखत की आता वळायचं आहे. कुणी मात्रा मोजत नसे. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी मन लावून लिहून ठेवलं म्हणून दंडारीचं बरंचसं कागदावर उतरलं. गुडघ्यांतलं मात्र शेजारी उभं राहूनच घ्यावं लागतं, आणि शेजारी उभी राहणारी पोरं आता कमी झाली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कथक शिकायला मी छत्तीसगडमधल्या खैरागडला गेले. अर्जुनीहून गोंदिया, गोंदियाहून डोंगरगड आणि पुढे बस. नकाशावर परराज्य, पण आमच्यासाठी पुण्यामुंबईपेक्षा कितीतरी जवळ. तिथलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ साली राजवाड्यात सुरू झालं. राजा वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपला वाडा त्यासाठी दिला आणि लेकीच्या, इंदिरेच्या आठवणीत संस्थेला तिचं नाव दिलं. त्या वाड्याच्या जुन्या भिंतींत सकाळी एकाच वेळी कुठे तानपुरा लागलेला असतो, कुठे तबल्यावर कायदा चाललेला असतो. गावाकडून गेलेल्या मुलीला तिथे पहिले काही दिवस फक्त ऐकत राहावंसं वाटतं.

पहिलं वर्ष तत्कारात गेलं. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आधी ठाय, मग दुगुन, मग चौगुन. माझे गुडघे मामांचे होते, आपोआप सैल व्हायचे. कथकला पाय सरळ हवा, अंगाचा भार दोन्ही तळव्यांवर सारखा हवा, तेव्हाच शंभर घुंगरांतून एक स्वच्छ आवाज निघतो. मॅडम वर्गात माझ्यासमोर बसून नुसते गुडघे बघत. त्या एकदा म्हणाल्या की जे अंगात आहे ते घालवायचं नाही, ते कधी बाहेर काढायचं हे आपल्या हातात आलं पाहिजे. त्या वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

त्यांनीच आम्हाला कार्तिकरामांची गोष्ट सांगितली. रायगडचे राजा चक्रधरसिंह स्वतः तबल्याचे आणि नृत्याचे मोठे जाणकार होते. त्यांनी अच्छन महाराज, जयलाल अशा गुरूंना दरबारी बोलावलं आणि त्यांच्या हाताखाली शिकायला मुलं निवडली ती छत्तीसगडच्या खेड्यांतली. कार्तिकराम हे असंच एका खेड्यातलं, तिथल्या गम्मतीत नाचणारं पोर. पुढे कथकच्या रायगड घराण्याचा तो एक खांब झाला. गम्मत आणि आमची खडी गंमत यांच्यात फार अंतर नाही. ही गोष्ट ऐकली त्या दिवसापासून, आपण दुसऱ्या कुणाच्या घरात आलो आहोत असं मला कधी वाटलं नाही.

आता त्या दोन कार्यक्रमांबद्दल, ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले.

पहिला विद्यापीठातला. परीक्षेआधीचं सादरीकरण, तीनताल, साथीला तबला आणि सारंगीवर लहरा. समोर गुरुजन आणि सगळ्या वर्गांचे विद्यार्थी. ठाट, आमद, तोडे, परण, मग फर्माईशी चक्रदार. चक्रदार म्हणजे तिहाईसकट, म्हणजे शेवटी तीनदा येणाऱ्या बोलांसकट, एकच तुकडा लागोपाठ तीनदा. फर्माईशीत तर पहिल्या फेरीच्या तिहाईचा पहिला ‘धा’ समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, दुसऱ्या फेरीचा दुसरा आणि तिसऱ्या फेरीचा तिसरा. बांधणाऱ्याच्या बुद्धीला हात जोडावेत अशी ही रचना आहे. त्या सभागृहात ती सगळ्यांना पाठ होती. तिसऱ्या फेरीत शेवटचे बोल आले तेव्हा समोरच्या रांगेतल्या माना माझ्या पायाच्या आधीच हलायला लागल्या होत्या. सम आली ती आम्हा सगळ्यांवर मिळून आली. असा आनंद मी त्याआधी घेतला नव्हता.

दुसरा कार्यक्रम त्यानंतरच्या दिवाळीत, माझ्याच गावच्या मंडईला. वडशाच्या मंडळाचं नाटक होतं आणि त्याआधीचा अर्धा तास समितीने ‘आपल्या गावच्या पोरीला’ दिला होता. झाडीपट्टीचा मंच ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: शेताच्या मोकळ्या जागेत मांडव, समोरची जमीन खोदून बसण्यासाठी केलेली खोलगट जागा, मंचाच्या पुढ्यात ऑर्गन, ढोलकी, ऑक्टोपॅड घेऊन बसलेले वादक, वरून लोंबणारा माइक. थंडीत कानाला टॉवेल बांधून माणसं पहाटेपर्यंत बसतात. याच मंचावर आयुष्य काढलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे घरातल्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला.

मी तेच फर्माईशी चक्रदार घेतलं. पाय स्वच्छ पडत होते, लय कुठे हलली नाही. पहिल्या फेरीची तिहाई संपली आणि मांडवात जोरदार टाळी पडली. संपलं असं त्यांना वाटलं. मी पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या फेरीनंतर टाळी पडली, पण जरा बिचकत. आणि तिसऱ्या फेरीची सम, जिच्यासाठी सगळा डोलारा उभा केला होता, ती आली तेव्हा मांडव गप्प होता. अजून एकदा आहे की काय, याची लोक वाट बघत होते. मग कौतुक खूप झालं, कुणी बक्षीस पुकारलं, बायांनी मंचाखाली येऊन हात हातात घेतले. प्रेमाने भरलेला मांडव होता तो.

सकाळी दंडारीतले जुने ढोलकीवाले आजोबा भेटले. मामांना साथ केलेला हात. ते म्हणाले, “बेस नाचलीस, पोरी. पर कोटं थांबशीन ते आमाले आंदी मालूम नोयतं. दंडारीत मालूम रायते.”

त्या वाक्यापाशी मी खूप दिवस थांबले. लोकांना शास्त्रीय कळत नाही, असं म्हणून हा विषय मिटवता येतो, आणि शिकणाऱ्या मुलामुलींकडून तो तसाच मिटवलेला मी पुष्कळदा ऐकला आहे. मला ते पटत नाही. रात्रभर नाटक बघणाऱ्या, ढोलकीचा हात नुसत्या कानाने ओळखणाऱ्या माणसांना ताल कळत नाही, हे खरं असूच शकत नाही. खैरागडच्या सभागृहाला सम आधीच ठाऊक होती, म्हणून तिथे ती सगळ्यांची झाली. दंडारीत मामांचे गुडघे ती आधी सांगत. माझ्या मंडईतल्या नाचात ती फक्त मला आणि माझ्या तबलजीला ठाऊक होती.

आणि कथकमध्ये सांगण्याची सोय तर मुळातच आहे! पढंत. नाचायच्या आधी हाताने ताल धरून बोल म्हणायचे. आम्ही वर्गात ती रोज करत होतो, परीक्षेत तिला गुण असतात, त्यामुळे स्वच्छ आणि वेगात म्हणून दाखवायची सवय लागलेली. ती कुणाला तरी उद्देशून म्हणायची असते, हे पुस्तकात कुठेतरी असेलही. माझ्या अंगात ते आजोबांमुळे उतरलं.

पुढच्या मंडईला मी आधी माइकवाल्या दादांशी बोलले. वरच्या माइकमध्ये आवाज येतो, पाय येत नाहीत. म्हणून एक माइक खाली, पायांजवळ घेतला. मुरमाच्या मातीवर तळवा कितीही मारला तरी बोथट वाजतो, तेव्हा शाळेतून दोन लाकडी फळ्या आणून मंचाच्या मधोमध ठेवल्या. मग उभी राहिले आणि नाचायच्या आधी मांडवाला ताल धरायला लावला. तीनतालाच्या सोळा मात्रा: पहिलीला टाळी, पाचवीला टाळी, नववीला हात रिकामा, तेरावीला टाळी. दोन-तीन आवर्तनांत बाया आणि लेकरं बिनचूक धरायला लागली. रिकाम्या हाताशी तर पोरांना इतकी मजा यायला लागली की ती सगळी एकदम हात उघडून दाखवत होती. मग मी बोल म्हटले, हळू, शब्द सुटे करून. सांगितलं की हे तीनदा येईल, टाळी तिसऱ्या वेळेला.

तबला सुरू झाला. पहिली फेरी झाली, मांडवात मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “एक!” दुसरी झाली, तेव्हा बऱ्याच जणांनी “दोन!” म्हटलं. तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या बोलांआधी माझे गुडघे आपोआप किंचित सैल झाले. मी ते होऊ दिले. मॅडमनी सांगितलेली वेळ ती हीच होती. सम आली आणि तिच्यावर माझं पाऊल, तबल्याची थाप आणि मांडवाची टाळी अशी तिन्ही एकत्र पडली. ऑर्गनपाशी बसलेले नाटकाचे वादक उभे राहिले होते. आजोबा पुढेच होते, त्यांची मान खैरागडच्या पहिल्या रांगेसारखीच माझ्या आधी हलली होती.

बघणाऱ्याला नाचात सामील करून घेण्याचं आणखी एक रूप मला आमच्या शेजारीच दिसलं. गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, वसाहतीतले म्हातारे, तरुण, शाळकरी पोरं एका गोलात नाचतात. पावलं सोपी, पुन्हा पुन्हा येणारी. ज्याला येत नाही तोही शेजारच्याचे पाय बघत दोन फेऱ्यांत गोलात मिसळतो. देश सुटलेल्या माणसांनी तो नाच इतकी वर्षं सांभाळला तो याच सोपेपणाच्या बळावर, असं मला वाटतं. कठीण असणं ही कथकची शान आहे आणि मी ती कमी करू इच्छित नाही. फक्त आत यायला एक दार असावं, आणि ते दार आपल्याकडे आहे.

शेवटच्या वर्षी विद्यापीठात पुन्हा मंचावर उभी राहिले. तोच तीनताल, तेच चक्रदार. पढंत मंडईत म्हटली होती तशी म्हटली, समोरच्या माणसांकडे बघत, बोलाबोलाला जागा देत. त्या सभागृहाला सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. कार्यक्रमानंतर मॅडम विंगेत आल्या आणि त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, “आज तुमने पहले सुनाया, फिर नाचा.” त्यांच्याकडून मला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद आहे. विद्यापीठातल्या दोन्ही वेळच्या नाचात माझी तयारी जवळपास सारखी होती. पाय तेवढेच वेगवान, गिरक्या तेवढ्याच. मधल्या काळात वाढ झाली ती मांडवात.

आमच्या भागातल्या मंडई समित्यांना म्हणून एक विनंती आहे. गावातली एखादी मुलगी, एखादा मुलगा कथक, भरतनाट्यम किंवा दंडार शिकत असेल, तर नाटकाचा पडदा उघडण्याआधीचा अर्धा तास त्यांना द्या. दोन लाकडी फळ्या आणि पायांजवळ एक माइक, एवढंच लागतं. आणि शिकणाऱ्यांनो, मंचावर जाल तेव्हा आधी ताल गावाच्या हातात द्या, मग नाचा.