आजीची चाल

आजी गेल्यानंतर माझ्या जुन्या फोनमध्ये तिचा चाळीस सेकंदांचा आवाज सापडला. पांढुर्ण्याच्या घरातलं जातं केव्हाच कोपऱ्यात गेलं होतं. मी हट्ट केला म्हणून तिने भाऊ माहेरी न्यायला येतो, ती ओवी म्हटली होती. मागे कुकरची शिट्टी आहे. ओवी संपायच्या आतच मी रेकॉर्डिंग बंद केलं होतं.

उरलेली ओवी मिळेल म्हणून शोधायला लागलो. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल या संगणक जाणणाऱ्या संगीत-अभ्यासकाने त्यांचा डेटाबेस उभा केला. 2017 पासून त्या ‘परी’च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, संकेतस्थळावर येऊ लागल्या. डेटाबेस म्हणजे माझं रोजचंच काम. वाटलं, तासाभरात सापडेल.

जवळपास तशाच शब्दांच्या ओव्या सापडल्या. पण कित्येकींचे फक्त शब्द होते, आणि आवाज होता तिथे चाल वेगळी. कागदावर दोन ओळी दिसतात. गाताना अर्धी ओळ परत येते, मध्ये ‘बाई’, ‘गं’ येतं, जात्याच्या फेऱ्यासोबत श्वास लांबतो. ते लिहिण्यात येत नाही.

शेवटी सौंसरला आजीच्या धाकट्या बहिणीकडे गेलो. मावशीआजीने फोन कानाला लावला, डोळे मिटले आणि तुटलेली ओवी पुढे पूर्ण केली. पण तिची चाल आजीसारखी नव्हती.

“बरोबर कोणती?” मी विचारलं.

“दोनी बरोबर, बाबू. ताई पांढुर्ण्याले गेली, तिले सासूची चाल लागली. मी सौंसरातच रायली, मायचीच म्हणतो.”

शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील हे मूळचे आयर्लंडचे. देश सोडून आलेल्या आपल्या लोकांकडून ऐकून ऐकून त्यांनी आयरिश चाली जमवल्या. 1903 साली त्यांनी 1,850 चालींचं पुस्तक काढलं. त्यात हॉर्नपाइप नावाच्या नाचाच्या चालीही आहेत. एकाच चालीची अनेक रूपं तिथेही आहेत, आणि हॉर्नपाइपचा खरा झोल स्वरलिपी वाचून नाही, वाजवणाऱ्याकडून ऐकूनच कळतो. हे वाचलं तेव्हा मावशीआजीचं म्हणणं मला नीट समजलं.

आता माझ्याकडे दोन फाइली आहेत. प्रत्येकीच्या नावात गाणारीचं नाव, गाव आणि चाल कोणाकडून आली ते लिहिलं आहे. आजीच्या फाइलसाठी तिच्या सासूचं नाव बाबांना विचारावं लागलं. त्यांनाही ते आठवायला वेळ लागला. त्या पणजीचा घरात एकही फोटो नाही.

यंदा पोळ्याला गावी जाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बाईला एक ओवी म्हणायला सांगा. आणि ती थांबेपर्यंत फोन बंद करू नका.