एक पाय जमिनीवर

जपानी दोरबंधनात, म्हणजे शिबारीत, माणूस पुरता अधांतरी उचलण्याआधी अर्धवट उचलायला शिकतात. छातीचे वेढे वरच्या कडीला बांधलेले, एक पाय दोरानं वर घेतलेला, दुसरा जमिनीवर. या दुसऱ्या पायामुळे शिकाऊ मंडळी निर्धास्त होतात. घोळ तिथंच आहे.

*

त्या पायात गोळा आला, घेरी आली, पाऊल घसरलं, की सगळा भार त्याच क्षणी छातीच्या दोरावर. म्हणून वर जे जे काही अडकवायचं, ते झटक्यासकट अख्खं वजन पेलणारं हवं. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर, म्हणजे झडपेच्या धातूच्या कडीवर, २२ किलोन्यूटन वगैरे छापलेलं असतं, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. ज्या तुळईला तो अडकवायचा तिच्यावर काहीच छापलेलं नसतं. पंख्याच्या हुकाकडे तर बघूच नये.

*

दोर बहुधा तागाचा, सहा मिलिमीटर जाड, सात-आठ मीटर लांब. नव्या दोराची कुसं ज्योतीवरून झरकन फिरवून जाळायची, मग तेलाचा हात. ताग नायलॉनसारखा ताणत नाही, पण तेवढा दणकटही नाही. पीळ सैलावलेला दोर जमिनीवरच्या कामाला ठेवावा.

*

दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून रेडियल नर्व्ह बाहेरच्या बाजूला येते. हात पाठीमागे बांधले की छातीचे वेढे दंडावरूनच जातात. बसलेलं असताना सुखाचा वाटणारा वेढा भार आल्यावर चावतो. ही नस दाबली गेली तर मनगट लुळं पडतं. बरं व्हायला कधी आठवडे, कधी महिने. बोटं जांभळी होतात ती रक्त अडल्यामुळे. दिसायला भयंकर, पण थोडा अवधी देणारं. मुंग्या, बधिरपणा, सणक आली तर तो दोर तत्काळ सोडायचा. कधी यातलं काहीच होत नाही आणि इजा झालेली असते.

‘ठीक आहेस ना?’ हा प्रश्न कुचकामी. भिडेखातर ‘हो’ येतंच. ‘माझं बोट दाब’ हीही अर्धीच तपासणी, कारण मूठ आवळणारे स्नायू दुसऱ्या नसांवर चालतात. मनगट मागे वळतंय का, अंगठा ताठ होतोय का, अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात हाताच्या पाठीकडून स्पर्श कळतोय का, हे बांधलेल्यानंच मधूनमधून पाहत राहावं.

*

दोरीच्या मल्लखांबात खेळाडूच दोरी धरतो आणि तोच सोडतो. इथं सोडणं दुसऱ्याच्या हातात. त्यामुळे खांद्याचं जुनं दुखणं, रक्तदाब, थांबायचा शब्द हे सगळं दोर हातात घेण्याआधी बोलून व्हायला हवं. संमती त्यानंतरही कधीही मागे घेता येते.

*

चित्रकार इतो सेइउ (१८८२–१९६१) यांना या कलेच्या आधुनिक रूपाचे जनक मानतात. युद्धानंतर ‘कितान क्लब’सारख्या मासिकांनी ती वाचकांपर्यंत नेली. पण चित्रात येतो तो चढवलेला क्षण. उतरवणं कोण छापणार?

*

उतरवताना सहसा आधी पाय, छातीचा दोर शेवटी. वरची बांधणी भार असतानाही सुटेल अशीच हवी. आवळून बसणारी गाठ नको. बोथट टोकाची कात्री हाताशी हवीच. मात्र भाराखालचा वरचा दोर तसाच कापला तर माणूस आदळतो. आधी आपल्या अंगावर त्याचं वजन घ्यायचं, मग कापायचं. हे एकट्यानं जमत नाही, म्हणून खोलीत तिसरं माणूस असलेलं बरं.