धक्क्याचा मार

जुन्या मोटरबोटीच्या कडेचा पट्टा, म्हणजे रब रेल, आज एकदाचा निघाला. व्हिनाइल इतकं कडक झालं होतं की हात लावताच तुकडे पडत होते. साठच्या दशकातली फायबरग्लासची बोट आणि मॅसॅच्युसेट्सची खारी हवा, दुसरं काय होणार? आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर स्टेनलेस स्क्रूंभोवती पांढरी भुकटी जमली होती. हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की झिजायचं ते ॲल्युमिनियमनेच.

पट्टी काढल्यावर बोटीचा तळ आणि वरचा डेक यांचा सांधा उघडा पडला. लोकांना रब रेल शोभेची वाटते. धक्क्याचा मार तीच खाते आणि हा सांधाही तीच झाकते! जुनी भोकं इपॉक्सीने बुजवून नवी पाडली, प्रत्येक स्क्रूखाली ब्युटाइल टेप लावली. नवं व्हिनाइल गरम पाण्यात मऊ केलं आणि लहान मापाची बांगडी चढवावी तसं चुचकारत बसवलं. (किंमत घरी अजून सांगितलेली नाही.) ताणायचा मोह मात्र आवरला. ताणलेलं व्हिनाइल नंतर आखडतं आणि टोकाला फट पडते. म्हणून टोक चार बोटं जास्तच ठेवलंय. कापू उद्या.