शिकागोचा पारा

मिशिगन सरोवराच्या कांठीं वसलेल्या शिकागो नगरांत आमची ज्येष्ठ कन्या राहते. गेल्या उन्हाळ्यांत तिच्याकडे गेलों असतां तिनें आम्हां उभयतांस मिलेनियम पार्कांतील 'क्लाउड गेट' हें धातुशिल्प दाखविण्यास नेलें. आम्हांस फारशी उत्कंठा नव्हती. जी मूर्ति कोणाचीच नाहीं, तिला मूर्ति कां म्हणावें, हा आमचा जुना आक्षेप. आणि त्याच्याच बळावर पंचवीस वर्षांपूर्वीं ह्याच मुलीचा मुंबईच्या कलाशाळेंत जाण्याचा हट्ट आम्हीं मोडला होता, हें वाचकांपासून कशाला लपवावें?

समोर पाहतों तों पाऱ्याचा एक प्रचंड थेंब! आतां घरंगळेल, मग घरंगळेल असें वाटावें. तेथील लोक ह्यास कौतुकानें घेवड्याचा दाणा म्हणतात. परंतु शिल्पकार अनिश कपूर यांची मूळ कल्पना पाऱ्याचीच. हे गृहस्थ १९५४ सालीं आपल्या मुंबईस जन्मले. थेंबाची लांबी ६६ फूट, उंची ३३ फूट, वजन सुमारें १०० टन; आणि तो न गंजणाऱ्या पोलादाच्या १६८ पत्र्यांचा आहे. २००४ सालीं उद्यान उघडलें तेव्हां सांधे स्पष्ट दिसत असत. ते घासून घासून नाहींसे करण्यांत २००६ साल उजाडलें. म्हणूनच हें सोंग इतकें वठलें आहे. पृष्ठावरून ढग सरकतात, उंच इमारती वांकतात, आणि पोलाद वाहतें आहे असा भास होतो.

मयसभेंत कोरड्या भूमीस जल समजून दुर्योधनानें वस्त्रें सांवरलीं होतीं. आमच्या सौभाग्यवतींनींही पदर सांवरून हळूच बोट लावलें व म्हणाल्या, "अहो, ओलें नाहीं!"

थेंबाच्या खालीं बारा फूट उंचीची कमान आहे. आंत शिरून वर पाहिलें कीं नाभीसारखी खोल पोकळी दिसते व तींत एकेका मनुष्याचीं अनेक वेडींवांकडीं रूपें. त्या गर्दींत आमचें आम्हांस रूप सांपडेना.

"बाबा, ते बघा तुम्ही! टोपीवरून ओळखलं," कन्या म्हणाली.

तेथेंच आम्हीं त्या जुन्या हट्टाचा विषय काढला. ती हंसली. "तुम्ही म्हणाला होतां, त्यापेक्षां तांबटाकडे जा, पाणी भरायला हंडा तरी होईल."

असें बोलल्याचें आम्हांस मुळींच स्मरत नव्हतें. सौभाग्यवतींस मात्र चांगलें स्मरत होतें.