चिलखतातली माया

निवृत्त माणसाने अमेरिकेला मुलाकडे जावं ते तीन कामांसाठी. नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोचवावं, बर्फ पडला की खिडकीत उभं राहून "यंदा जरा जास्तच आहे" असं म्हणावं, आणि दिसेल त्या वस्तूच्या किमतीला डॉलरच्या भावाने गुणून मनातल्या मनात हळहळावं. तेहतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे यातलं तिसरं काम मला उत्तम जमतं. २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला पोचलो, तेव्हा माझी तयारी एवढीच होती. चौथं काम चिलखत बनवायचं निघेल, असं व्हिसाच्या अर्जात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पोचलो त्याच आठवड्यात एक भलंमोठं खोकं आलं. चिरंजीवांनी ते नव्या नवरीला घ्यावं तसं घरात घेतलं; उंबऱ्यावर माप तेवढं ठेवायचं राहिलं. आत पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टिकचे वेडेवाकडे तुकडे होते. हिने वाकून पाहिलं आणि विचारलं, "बाथरूम नवी करतोयस का रे?"

तिची काही चूक नव्हती. त्या ढिगात अर्धं बेसिन होतं, पाव कमोड होता आणि सांडपाण्याचे पाइप उभे चिरून ठेवावेत असे दहाबारा तुकडे होते.

"आई, हा स्टॉर्मट्रूपर आहे."

"कधी येणार आहेत ते?"

"अगं, मीच. म्हणजे, मी होणार आहे."

चिरंजीवांचं वय चाळीस. कॉम्प्युटर कंपनीत बऱ्यापैकी वरच्या जागेवर. डोक्यावरचे केस परतीच्या वाटेला लागलेले. अशा माणसाने काहीतरी व्हायचं बाकी आहे असं जाहीर केलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो. ही तर देवघराकडे बघायला लागली.

मग आमचं शिक्षण सुरू झालं. 'स्टार वॉर्स' नावाचा चित्रपट १९७७ साली आला. त्यातल्या दुष्ट साम्राज्याच्या शिपायांना नखशिखांत पांढरं चिलखत असतं. हे शिपाई घोळक्याने येतात, धडाधड गोळ्या झाडतात, आणि नायकाला त्यातली एकही लागत नाही; थोडक्यात, आपल्या हिंदी चित्रपटांतल्या गुंडांचे अंतराळातले मावसभाऊ. यांच्यापैकी एकाचं डोकं भर प्रसंगात दाराच्या चौकटीवर आपटलं. ते दृश्य चित्रपटात तसंच राहिलं, आणि २००४ च्या आवृत्तीत त्याला आपटल्याचा आवाजही जोडला. त्यांच्या हातातली बंदूक इंग्रजी 'स्टर्लिंग' कार्बाईनवर बेतलेली. चिरंजीवांनी चित्र दाखवलं आणि मला एकदम माणूस ओळखीचा वाटला. हीच बंदूक परवान्याने कानपूरला बनायची. आमच्या बँकेची रोकड नेताना बरोबर यायचा त्या पोलिसाच्या खांद्यावर मी ती कितीदा तरी पाहिली होती. त्याने ती झाडलेली मात्र कधी पाहिली नाही. त्यामुळे नेमबाजीच्या बाबतीत तो यांच्यापेक्षा सरस ठरतो.

ही मूळ चिलखतं १९७६ साली इंग्लंडात तयार झाली. ब्रायन म्यूर नावाच्या शिल्पकाराने अंगावरचे भाग आधी मातीत घडवले, मग त्यांवरून साचे निघाले. चित्रपटाच्या वेशभूषेला, म्हणजे जॉन मोलो यांना, १९७८ साली ऑस्कर मिळालं. पुढे या शिपायाचा टोप हे शिल्प आहे की नुसतं चित्रपटाचं सामान, यावरून दावा उभा राहिला. तो थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ते शिल्प नव्हे असा निकाल २०११ साली लागला. प्लॅस्टिकच्या टोपासाठी सर्वोच्च न्यायालय! माझा या विषयाबद्दलचा आदर वाढला तो तिथे.

तुकडे बनवायची रीत मात्र अगदी स्वयंपाकघरातली आहे. एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचा पत्रा मऊ पडेपर्यंत तापवायचा, साच्यावर पसरायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. गरम पोळी पालथ्या वाटीवर टाकावी तसा तो साच्याला चिकटून बसतो आणि गार झाला की तोच आकार धरतो. मुलांचे लेगोचे ठोकळे याच प्लॅस्टिकचे. फरक इतकाच, की लेगोचे ठोकळे कुणालाही एकमेकांत बसवता येतात.

"पण घालून जायचं कुठे?" हिने मुद्द्याचा प्रश्न विचारला.

तर '५०१ वी लीजन' नावाची एक संघटना आहे. १९९७ साली आल्बिन जॉन्सन या साउथ कॅरोलायनातल्या माणसाने ती सुरू केली. मोटार अपघातात त्याचा एक पाय गेला होता. ही मंडळी चित्रपटातल्या खलनायकांचे पोशाख स्वतःच्या खर्चाने करतात, ते घालून इस्पितळांत मुलांना भेटायला जातात, चांगल्या कामांसाठी निधी जमवून देतात आणि स्वतःसाठी पैसा घेत नाहीत. वेशभूषेचे नियम मात्र असे कडक, की आमच्या बँकेचे इन्स्पेक्टर त्यांच्याकडे उमेदवारीला पाठवावेत. गुडघ्यावरची जादा पट्टी फक्त डाव्या पायाला. जोडांवर चिकटवायच्या पट्ट्यांची रुंदी मिलिमीटरमध्ये. सगळ्या बाजूंनी फोटो काढून पाठवायचे, ते तपासले जाणार, आणि मगच सभासदाला क्रमांक मिळणार. हे ऐकलं आणि माझ्यातला हेडक्लार्क तीन ताटकळलेल्या फायली बघितल्यासारखा ताठ झाला.

रोज रात्री जेवणं झाली की आम्ही बापलेक तळघरात उतरायचो. दंडाचा तुकडा म्हणजे दोन अर्ध्या नळ्या. त्या कडेला कड लावून जोडायच्या आणि जोडावर पट्टी चिकटवायची. गोंद असा, की लावल्यावर दिवसभर, कधी दोन-दोन दिवस, हलवायचं नाव नाही. तोवर दाबून धरायला लोहचुंबक आणि चिमटे. चिरंजीवांकडचे चिमटे संपले तेव्हा हिने पुण्याहून आणलेले कपड्यांचे चिमटे कामी आले. साम्राज्याचा उजवा पाय तीन दिवस आमच्या लाल-हिरव्या चिमट्यांत उभा होता.

गोंद वाळेपर्यंत दुसरं काम नसे, म्हणून मग बोलणं होई. आमच्यात आधी बोलणं नव्हतं असं नाही. दर रविवारी फोन असायचा. "जेवलास का?" "हो." "थंडी आहे का?" "आहे." "बरं, आईला देतो." सतरा वर्षं हे संभाषण आम्ही एकही शब्द न बदलता केलं. तळघरात मात्र "पकडा", "सोडा", "थोडं वर" यांच्या फटींतून बाकीचंही यायला लागलं. त्याला नोकरीचा कंटाळा आलाय, हे मला डाव्या पिंढरीच्या वेळी कळलं.

मापं घेऊन कापायचं काम माझ्याकडे होतं. आखलेल्या रेघेवर सुरीने ओरखडा काढायचा आणि वाकवलं की तुकडा कट्कन सुटतो. ही एकदा चहा घेऊन खाली आली आणि म्हणाली, "अहो, कापताना जरा माया ठेवा."

आता माया म्हणजे काय, हे शिवणकाम येणाऱ्यांना सांगायला नको. शिंपी शिलाईच्या आत दोन बोटं कापड राखून ठेवतो, ती माया. माणूस सुटला की शिलाई उसवायची आणि माया काढायची. पण बँकेच्या माणसाला मायेची सवय नसते. आमच्याकडे ताळा जुळला म्हणजे पैशाला पैसा जुळला. मी म्हणालो, "रेघ म्हणजे रेघ." आणि पोटाचं कवच व कमरेमागचं कवच, दोन्ही बरोब्बर रेघेवर कापली.

मापं नोव्हेंबरातली होती. कापलं जानेवारीत. मधल्या काळात हिने आणलेले डिंकाचे लाडू, ओक ट्री रोडवरून आणलेल्या मेथीचे पराठे आणि "इतकासा खाल्लास" हे पालुपद, यांनी आपलं काम चोख बजावलं होतं. कवचं अंगाला लावली तर दोन्ही कुशींत सव्वा-सव्वा इंचाची खिंड. साम्राज्याच्या शिपायाचा बनियन दिसत होता.

चिरंजीव काही बोलला नाही. खाली बघत उभा राहिला. ते बघणं मी ओळखलं.

१९९१ साल. तो तिसरीत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मावळा झाला होता. चिलखत मी करणार असं मीच कबूल केलं होतं: पुठ्ठ्याचं, वर चंदेरी कागद लावून. छातीचा भाग झालाही. आणि ऐन वेळी शाखेत इन्स्पेक्शन आलं. चार दिवस मी रात्री दहाला घरी येत होतो, आणि हा झोपेला आलेला पोरगा दारात विचारत होता, "बाबा, पाठ कधी करायची?" पाठ झालीच नाही. गॅदरिंगला तो नुसती छाती बांधून गेला आणि सगळा प्रवेशभर प्रेक्षकांना पाठ दिसू नये म्हणून पडद्याला टेकून उभा राहिला. गड बाकीच्यांनी घेतला. मी तेव्हा सभागृहात नव्हतो. हे मला हिने सांगितलं. त्याने त्यावर कधी एक अक्षर काढलं नाही.

म्हणालो, "अरे, चुकलंच माझं."

त्याने कमरेमागचं कवच हातात घेऊन उलटसुलट केलं. "असू दे बाबा," तो म्हणाला, "या वेळी पाठ तरी आहे."

बत्तीस वर्षं हे खातं उघडंच होतं, आणि मी समजत होतो की ते कधीच बंद झालंय.

त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत बसलो. प्लॅस्टिकला माया नसते. ती बाहेरून आणावी लागते. उरलेल्या तुकड्यांतून सव्वा इंचाच्या पट्ट्या कापल्या (या वेळी चांगल्या दीड इंचाच्या), आतून आधार लावून त्या कुशीला जोडल्या. मग बारीक चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याची भज्याच्या पिठासारखी लपेट केली आणि फटी भरल्या. वाळल्यावर घासून घासून असा गुळगुळीत जोड केला, की हिनेसुद्धा बोट फिरवून पाहिलं. "मी आधीच सांगत होते" हे वाक्य तिने सकाळच्या चहापर्यंत राखून ठेवलं. याला म्हणतात माया.

पुढे टिचबटणं, इलॅस्टिक, वेल्क्रो आणि पट्टे हा सगळा मामला हिच्या अखत्यारीत गेला. आणि संपूर्ण पोशाख पहिल्यांदा चढवला तेव्हा मला या शिपायांचं खरं गुपित कळलं. याला एकट्याने हे घालताच येत नाही! खालून सुरुवात करायची: बूट, पिंढऱ्या, मांड्या, मग कंबर. पण पाठीचे पट्टे लावायला दुसऱ्याचे हात लागतात. टोप घातला की पायाखालचं दिसत नाही. खाली बसता येत नाही. पडलेली वस्तू उचलता येत नाही. हालचाल चुकली की दोन कवचांच्या मधे कातडी सापडते आणि साम्राज्याच्या तोंडून शुद्ध मराठीत "आई गं" निघतं. तळघराच्या दारातून बाहेर पडताना त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. मी म्हणालो, "चित्रपटाबरहुकूम!"

फोटो गेले, एक दुरुस्ती निघाली, ती केली आणि क्रमांक आला. अशा शिपायांच्या क्रमांकाआधी 'टीके' ही अक्षरं असतात. टीकेला घाबरायचं नाही, असं मी त्याला लहानपणी सांगत असे. ते असं कामी आलं.

आमची परतीची तिकिटं एप्रिलची होती. मार्चमधल्या एका शनिवारी मुलांच्या इस्पितळात जायचं ठरलं. शिपायाला वाट दाखवायला बरोबर एक साधा माणूस लागतो. त्याला हँडलर म्हणतात. मला तो हुद्दा मिळाला. आपल्याकडच्या भाषेत, नंदीबैलवाला. बंदूक घरी ठेवली होती. लिफ्टमधून बाहेर पडताना मी त्याचं कोपर धरलं. "उंबरा आहे. पाय उचल. आता सरळ." हे शब्द मी पूर्वी कुठे वापरलेत ते आठवायला वेळ लागला नाही. तेव्हा तो सव्वा वर्षाचा होता.

एका खोलीत सातेक वर्षांची मुलगी होती. डोक्याला रुमाल, हाताला सलाइन. तिने शिपायाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भ्यायली अजिबात नाही. मग मला विचारलं, "तू याचा साहेब का?"

"नाही. वडील."

तिने जरा विचार केला. "यांना वडील असतात?"

या चित्रपटांत वडिलांचं प्रकरण फार मोठं आहे, १९८० च्या भागात तर त्यावरूनच सगळं उलटंपालटं होतं, हे मला एव्हाना ठाऊक झालं होतं. पण मी उत्तर द्यायच्या आतच शेजारचा पांढरा टोप वरखाली हलला. नंदीबैल मान हलवतो तसा. एकदा हलला, दोनदा हलला, थांबेचना.

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या पोटाच्या कवचावर टकटक केलं. नेमकं आमच्या जोडापाशी. मी श्वास रोखून धरला. जोड पक्का होता.

खाली कपडे बदलायच्या खोलीत टोप काढला तेव्हा चिरंजीवांचा चेहरा घामाने निथळत होता. डोळेही ओले होते. पण टोपाच्या आत हवा फार कोंदते, तेव्हा त्यावर चर्चा नको. मी पाणी दिलं. दोन घोट प्यायला आणि माझ्याकडे वळून उभा राहिला.

"बाबा, पाठीचं बघा ना."

मी चष्मा लावला आणि एक-एक टिचबटण सोडायला घेतलं. घाई कसलीच नव्हती. इन्स्पेक्शन नव्हतं.