माँट्रोजच्या भुताची चौकशी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डंडी आणि ॲबर्डीन यांच्या मध्ये, माँट्रोज हे लहानसे बंदरगाव आहे. गावाच्या उत्तरेला, समुद्रालगतच्या सपाट माळावर, ब्रूमफील्ड नावाच्या जागी जुन्या लष्करी हवाई ठाण्याच्या काही इमारती अजून उभ्या आहेत. फेब्रुवारी १९१३मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरच्या दुसऱ्या स्क्वाड्रनची पाच विमाने इंग्लंडमधल्या फार्नबरोहून निघाली आणि मुक्काम करत करत, सुमारे ७०० किलोमीटरचे अंतर कापून माँट्रोजला पोहोचली. ब्रिटनमधले पहिले कार्यरत लष्करी हवाई ठाणे म्हणून माँट्रोजची नोंद होते, ती या प्रवासापासून. १९१४च्या ऑगस्टमध्ये हेच स्क्वाड्रन फ्रान्सला गेले. पुढे दोन्ही महायुद्धांत इथे शेकडो तरुण उड्डाण शिकले आणि त्यातले काही शिकता शिकताच मेले. ऑक्टोबर १९४०मध्ये जर्मन विमानांनी ठाण्यावर बाँब टाकले. १९५२मध्ये हवाई दलाने जागा सोडली. आता तिथे स्वयंसेवकांनी चालवलेले संग्रहालय आहे. गणवेश, इंजिने, पत्रे, छायाचित्रे आणि १९१३च्या बी.ई.२ जातीच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती त्यात ठेवलेली आहे. ही प्रतिकृती संग्रहालयाच्या स्वयंसेवकांनी स्वतः बांधली.

या जागेची दुसरी ख्याती भुतांची आहे. पावलांचे आवाज, आपोआप फिरणारी दाराची मूठ, उड्डाणाच्या पोशाखातली आकृती असे अनुभव पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. २०१२च्या सुमारास एका जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची बातमी वृत्तपत्रांत आली. विजेला न जोडलेला हा रेडिओ अधूनमधून चर्चिलची भाषणे आणि ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाचे संगीत ऐकवतो, असे स्वयंसेवकांचे म्हणणे होते. मागची फळी काढून पाहिली, तेव्हा आत धूळ आणि कोळ्याची जाळी निघाली. अशा ख्यातीमुळे रात्रीच्या भूतशोधासाठी येणाऱ्या गटांना माँट्रोजचे आकर्षण वाटते. लष्करी संग्रहालयांत अशा रात्री आता सर्रास होतात.

माँट्रोजचे सर्वांत जुने आणि सर्वांत महत्त्वाचे भूत मात्र एका विशिष्ट माणसाचे मानले जाते. त्या माणसाचा मृत्यू, त्या मृत्यूची चौकशी आणि नंतर त्याच्या भुताची चौकशी, या क्रमाने पाहिल्याशिवाय इथल्या रात्रीचा अर्थ लागत नाही.

लेफ्टनंट डेझमंड आर्थर हा आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातला. २७ मे १९१३ रोजी सकाळी तो एकटाच बी.ई.२ विमान घेऊन सरावाला निघाला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. सुमारे अडीच हजार फुटांवरून वळसे घेत उतरत असताना विमानाचा उजवा पंख मोडून दुमडला. पट्टा तुटून आर्थर बाहेर फेकला गेला. पॅराशूट तेव्हा विमानात नसेच. स्कॉटलंडमधला विमान अपघातातला हा पहिला मृत्यू समजला जातो.

त्या काळात विमान पडले की वैमानिक चुकला असे म्हणून मोकळे होण्याची रीत होती. रॉयल एरो क्लबने ती मोडली. क्लबची अपघात-चौकशी समिती १९१२पासून काम करत होती आणि जगातल्या अशा पहिल्या समित्यांत तिची गणना होते. समितीने आर्थरच्या विमानाचे अवशेष हाताळले. उजव्या पंखातला एक लाकडी दांडा टोकाजवळ आधीच कधीतरी मोडलेला होता आणि तो कोणीतरी जोडला होता. सांधा निष्काळजीपणे केलेला होता. सरस कुठे जाड, कुठे नावापुरता होता. सांध्यावर दोरा गुंडाळून तो आवळण्याची साधी काळजीही घेतलेली नव्हती. वरून नवे कापड ताणून बसवले होते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला पंख धड दिसत होता. दुरुस्तीची नोंद कोठेही नव्हती. कोणाच्या तरी हातून पंख मोडला, शिक्षा चुकवण्यासाठी त्याने तो गुपचूप जोडला आणि वर कापड चढवले, एवढा अर्थ त्यातून निघत होता. लाकडाचा एक तुकडा नीट पाहून एका मृत माणसाला दोषमुक्त करणारा हा अहवाल विमानविद्येच्या इतिहासात आहे त्याहून मोठ्या जागेचा मानकरी आहे.

प्रकरण इथे मिटले नाही. मार्च १९१६मध्ये नोएल पेम्बर्टन बिलिंग या खासदाराने ब्रिटिश संसदेत असा आरोप केला की सरकारी विमानांच्या सदोषपणामुळे वैमानिकांचे मृत्यू नव्हे, खून होत आहेत. सरकारने चौकशी समिती नेमली. ऑगस्ट १९१६च्या तिच्या अंतरिम अहवालात आर्थरच्या विमानाच्या सदोष दुरुस्तीची गोष्ट फेटाळली गेली. म्हणजे दोष फिरून त्या मेलेल्या माणसाच्या माथी जाऊ लागला. भुताची कथा सुरू होते ती नेमकी याच वेळी. १९१६च्या शरद ऋतूत मेजर सिरिल फॉगिन या अधिकाऱ्याला रात्री भोजनगृहाकडे जात असताना उड्डाणाच्या पोशाखातला एक माणूस पुढे चालताना दिसला आणि दाराशी पोहोचून नाहीसा झाला, असे सांगतात. इतर अधिकाऱ्यांना मध्यरात्री जाग आली, तर कोणी शेगडीजवळच्या खुर्चीत, कोणी पलंगाच्या पायथ्याशी बसलेला दिसे. वर्षअखेरीस समितीचा अंतिम अहवाल आला. पंख आधी मोडला असावा आणि कोणीतरी तो लपवण्यासाठी जोडला असावा, ही शक्यता त्यात मान्य झाली. जानेवारी १९१७नंतर ते भूत दिसले नाही, अशी कथा आहे. विमानविषयक साप्ताहिकाचे संपादक सी. जी. ग्रे यांनी १९२०मध्ये ती छापली आणि माँट्रोजचे भूत जगाला ठाऊक झाले.

मराठी वाचकाला या कथेची रचना परकी वाटणार नाही. पिंडाला कावळा शिवत नाही, तोवर मेलेल्याच्या मनात काय राहिले असेल याचा अंदाज जमलेले लोक घेत राहतात. कोणी तरी पुढे होऊन शब्द देतो आणि मग कावळा शिवतो. आर्थरला हवा असलेला शब्द अंतिम अहवालाने दिला, असा माँट्रोजच्या कथेचा गाभा आहे. इतिहासकाराला मात्र इथे एक अडचण दिसते. १९१३च्या मेमध्ये ठाणे ब्रूमफील्डला नव्हतेच. ते गावाच्या दक्षिणेला अपर डायझार्ट नावाच्या शेतजमिनीवर होते आणि वर्ष संपताना ब्रूमफील्डला हलवले गेले. ज्या भोजनगृहापाशी आर्थरचे भूत दिसले, ते त्याने जिवंतपणी पाहिलेलेही नव्हते. भूत जागेला बांधलेले असते ही समजूत इथे लागू पडत नाही. ते बांधलेले होते ते त्याच्या मागून आलेल्या वैमानिकांच्या मनाला. हे वैमानिकही तशीच विमाने चालवत होते आणि आपल्या पंखाच्या कापडाखाली काय आहे, हे त्यांनाही दिसत नव्हते.

आजची भूतशोधाची रात्र साधारण एका ठरावीक क्रमाने जाते. दारे लावून घेतात, दिवे मालवतात, लोक लहान गटांत वाटले जातात. आधी इमारतीची गोष्ट सांगितली जाते आणि कोणत्या खोलीत काय दिसले, तेही सांगितले जाते. मग एकेका ठिकाणी बसून मोठ्याने प्रश्न विचारायचे, थोडा वेळ थांबायचे, उपकरणांकडे पाहायचे. मध्यरात्रीनंतर समुद्रावरचा वारा हँगरच्या पत्र्यांवर आणि दारांवर आदळतो. दिवसभर तापलेले धातू आणि लाकूड थंड होताना आवाज करतात. गणवेश चढवलेले पुतळे दिवसा पुतळेच असतात. टॉर्चच्या हलत्या प्रकाशात त्यांच्या सावल्या हलतात.

उपकरणांबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण रात्रीचे शास्त्रीय रूप त्यांच्यावरच उभे असते. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर हे मुळात विजेच्या तारांची आणि यंत्रांची तपासणी करण्याचे साधन आहे. जुन्या इमारतीतले वायरिंग, खिशातला मोबाइल, शेजारच्याचा वॉकीटॉकी यांपैकी कशानेही त्याचा दिवा लागतो. ध्वनिमुद्रकात मृतांचे आवाज शोधण्याची प्रथा स्वीडनमधल्या फ्रीडरिश युर्गेन्सनपासून आहे. १९५९मध्ये पक्ष्यांचे आवाज टिपताना फितीवर त्याला माणसांचे बोल ऐकू आले. लॅटव्हियाच्या कॉन्स्टँटिन राउडिव्हने पुढे असे हजारो तुकडे गोळा केले. ‘स्पिरिट बॉक्स’ म्हणजे एकामागून एक केंद्रांवरून झपाट्याने सरकत राहणारा रेडिओ. त्यातून येणाऱ्या तुटक अक्षरांना ऐकणारा आपल्या प्रश्नाला साजेसा आकार देतो. खोलीतल्या माणसांच्या आकृत्या ओळखण्यासाठी खेळाच्या यंत्राला जोडायचा म्हणून बनलेला कॅमेराही अंधारात वापरतात. माणसासारखे दिसेल ते माणूस म्हणून रेखायचे, हेच त्याचे काम. आणि गणवेशातल्या पुतळ्यांनी भरलेल्या दालनात त्याला आकृत्यांची वाण पडत नाही.

यातले काहीही लबाडी ठरवण्याचे कारण नाही. येणारे बहुतेक लोक प्रामाणिक असतात आणि त्यांना जाणवलेली थंडी, मानेवरचा काटा, पाठीमागे कोणी असल्याची भावना खरीच असते. प्रश्न कारणाचा आहे. कारण शोधण्याचे एक उत्तम उदाहरण इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत घडले. तिथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या व्हिक टँडी या अभियंत्याला एका रात्री घाम फुटला आणि नजरेच्या कडेला राखाडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी त्याने आपली तलवारबाजीची पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरली, तर ती हात न लावता थरथरू लागली. शोध घेता घेता तो नव्याने बसवलेल्या एका पंख्यापर्यंत पोहोचला. सेकंदाला सुमारे १९ कंपनांची, कानाला न कळणारी ध्वनिलहर त्या पंख्यामुळे खोलीत उभी राहत होती. पंख्याच्या बैठकीत बदल करताच आकृती आणि भीती दोन्ही गेली. १९९८मध्ये त्याने यावर शोधनिबंध लिहिला. पण हेही सगळीकडे चालणारे उत्तर नाही. लंडनमधल्या संशोधकांनी मुद्दाम एक खोली बांधून तिच्यात अशा ध्वनिलहरी आणि चुंबकीय क्षेत्रे सोडली व ७९ जणांना एकेक करून तिच्यात फिरवले. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात बऱ्याच जणांना विचित्र अनुभव आल्याचे दिसले, मात्र त्या अनुभवांचा लहरी किंवा क्षेत्रे सुरू असण्याशी संबंध आढळला नाही. इथे काहीतरी जाणवू शकते असे आधी सांगितलेले होते, आणि ते सांगणेच बहुधा पुरेसे झाले.

टँडीची पट्टी आणि एरो क्लबच्या समितीने हाती घेतलेला लाकडी दांडा या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. दोन्ही ठिकाणी प्रश्न असा विचारला गेला की उत्तर चुकीचे असेल तर ते चुकीचे दिसावे. रात्रीच्या सत्रात विचारला जाणारा ‘इथे कोणी आहे का?’ हा प्रश्न तसा नाही. आवाज आला तर कोणी आहे. न आला तर आज ते बोलायला तयार नाही. १९१६चे अधिकारीही प्रश्न चुकीच्या जागी विचारत नव्हते, फक्त तो त्यांना उघड विचारता येत नव्हता. युद्ध चालू असताना सरकारी विमानांवर बोट ठेवणे कनिष्ठ अधिकाऱ्याला परवडणारे नव्हते. भुताला ते परवडत होते. म्हणून माँट्रोजची कथा भ्रम म्हणून बाजूला सारणे हा तिच्यावर अन्याय ठरेल. वैमानिकावर ढकललेला दोष ज्यांना मान्य नव्हता, त्यांनी तो नाकारण्याचा शोधलेला मार्ग म्हणून ती वाचावी.

अशा रात्रींमधून संग्रहालयांना पैसा मिळतो, आणि स्वयंसेवकांच्या बळावर चाललेल्या संग्रहालयाला छपराच्या डागडुजीसाठी तो लागतोच. तेव्हा या रात्री बंद व्हाव्यात असे म्हणण्यात हशील नाही. त्यांची सुरुवात मात्र बदलायला हवी. दिवे मालवण्यापूर्वी एरो क्लबचा अहवाल वाचून दाखवावा, बी.ई.२च्या प्रतिकृतीपाशी नेऊन पंखाच्या कापडावरून हात फिरवू द्यावा, त्याखालचा दांडा बोटांना कळतो का ते पाहू द्यावे. माँट्रोजमधल्या स्लीपीहिलॉक कब्रस्तानात दोन्ही महायुद्धांत मेलेल्या हवाई सैनिकांच्या कबरी आहेत. रात्रभर जागलेल्यांनी सकाळी उजेडात तिथे जावे. त्याच कब्रस्तानात डेझमंड आर्थरचीही कबर आहे. त्याच्या विमानाचा तो सांधा ज्याने जोडला, त्याचे नाव कोणत्याही चौकशीत पुढे आले नाही.